मुसळीची पाटी

ती पाटी मी लिहिली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला दुष्काळाचा किंवा व्यापाऱ्याचा राग यायला नको. राग यायचाच असेल तर माझा यावा. मी शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, माझी जीभ तिखट होती आणि कोणतीही गोष्ट एका ओळीत सांगता येते असा मला गर्व होता. एक डोंगर उजाड व्हायला एवढं पुरलं.

वडील वैद्य होते. गुलमंडीच्या आतल्या बोळात त्यांचं दुकान होतं, पुढे बरण्या आणि मागे पेशंटसाठी एक बाकडं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कारकुनी चालत आलेली. वडिलांनी ती सोडून मुळ्या कुटायला घेतल्या म्हणून नातेवाईक त्यांना हसायचे आणि पोटात दुखायला लागलं की त्यांच्याकडेच यायचे. दिवाळीनंतर दुकानात डोंगरातल्या बायका मुळ्या घेऊन येत. अजिंठ्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथून पांढरी मुसळी यायची. वर पातीसारखी लांबट पानं, आषाढात पांढरी फुलं आणि जमिनीखाली बोटांएवढ्या मुळ्यांचा घोस. बाळंतिणीला दूध यावं, आजारातून उठलेल्याच्या अंगात बळ यावं म्हणून वडील ती दुधातून द्यायचे.

मुसळी घेऊन एक सासू आणि तिची सून यायची. सून जेमतेम माझ्या वयाची होती. मी शाळेत होते आणि तिच्या कपाळावर आडवं कुंकू होतं, एवढाच फरक. दोघी उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहायच्या, पदराखाली गाठोडं, आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत. वडील नाडी बघत असले तरी मान वर करून म्हणायचे, "या मावशी. काय आणलंत?" मग पदर बाजूला व्हायचा.

एकदा वडील बाहेर गेले होते आणि मी दुकानात पुस्तक वाचत बसले होते. दोघी आल्या, उभ्या राहिल्या. मी बघितलं आणि पान उलटलं. बोलायचं असेल तर बोलतील, तोंड दिलंय देवानं, असं माझं म्हणणं. वडील आले तेव्हा त्या उन्हात तशाच उभ्या होत्या. त्यांनी आधी त्यांना विचारलं, मुळी घेतली, पाणी दिलं. त्या गेल्यावर मला एक थप्पड मारली. आयुष्यात तेवढीच एक. म्हणाले, "मुळी मागितल्याशिवाय देत नसतात. न मागता दिली तर तिचा गुण जातो, असं त्यांच्यात आहे. त्या उभ्या असल्या की आपण विचारायचं असतं." मी गालाला हात लावून म्हटलं, "हा काय शास्त्रोक्त नियम आहे?" वडील म्हणाले, "नाही. माणुसकीचा आहे."

मुळी काढायचीही त्यांची एक रीत होती आणि वडील ती कडक पाळायला लावायचे. पान पिवळं, दाणा काळा, दसरा मागं. म्हणजे पानं पिवळी पडून लोळली पाहिजेत, बोंडातला दाणा काळा होऊन मातीत सांडला पाहिजे आणि दसरा होऊन गेला पाहिजे. मग खणायचं, घोसातली बोटं मोडून घ्यायची आणि वरचा गड्डा, ज्यात पुढच्या वर्षीचा डोळा असतो, तो परत मातीत पुरायचा. दसऱ्याच्या आत कुणी मुळी आणली तर वडील ती मोडून बघत, आतून पाणचट दिसली की परत करत. वडिलांच्या हयातीत या तिन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात जमून यायच्या. त्यामुळे मला त्या तीन वाटल्याच नाहीत, एकच वाटली.

वडील गेले, दुकान गेलं. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी कॉलेजात लागले. सुरुवातीला पोरींना वनस्पती ओळखायला शहराला लागून असलेल्या सातारा गावामागच्या टेकड्यांवर न्यायची. तिथंही थोडी मुसळी होती, शतावरी होती, कळलावी होती. पुढे त्या टेकड्यांच्या उतारावर प्लॉट पडले. मी हळहळ व्यक्त करणारा एक लेख लिहिला आणि त्यातलाच एक प्लॉट घेतला. पायाच्या खड्ड्यात काय काय निघालं ते मी बघायला गेले नाही. एसटीच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. नळाला पाणी तेव्हाही आठवड्यानं यायचं आणि आमच्या गल्लीत तर नळच नव्हता, टँकर होता. टँकरच्या नळीसाठी मी शेजारणीशी कडाकडा भांडलेली आहे. भांडणात मी कधीच हरले नाही.

अशात मुसळीला भाव आला. ताकदीच्या औषधांचे डबे निघाले आणि वाडीवर टेम्पो जायला लागला. टेम्पोवाला हिरवी, कच्ची, कशीही मुळी घ्यायचा. लोक श्रावणातच खणायला लागले. मुळी बारीक निघायची म्हणून जास्त खणायचे आणि गड्डा परत पुरायला कुणाला वेळ नव्हता. मला हे कळलं तेव्हा मी चवताळून वाडीवर गेले. तिथं ती सून भेटली. आता ती पन्नाशीची होती, सासू केव्हाच वारली होती. डोंगराच्या एका घळीलगतचा उतार सासूनं तिच्या हवाली केला होता. कागदावर तो सरकारचा, पण वाडीत तो तिचाच मानत. वाडीतली सगळ्यात जुनी मुसळी तिथं होती. दिवाळीनंतरचे चार महिने तिचं घर त्या उतारावर चालायचं.

"तुमच्या वडलांनी इचारलं म्हंजी कसं पोट भरल्यावानी वाटायचं," ती म्हणाली. ती मला बाई म्हणायची, अहोजाहो करायची. मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं केलं. आम्ही एका वयाच्या होतो.

मी गावाची कमिटी बसवली. दोन वर्षं जाऊन जाऊन लोकांच्या डोक्यात घातलं की कच्ची मुळी काढाल तर पोरंबाळं उपाशी मरतील. शेवटी सगळे कबूल झाले: नियम करायचा, मोडेल त्याला डोंगर बंद. टेम्पोवाल्यालाही ते पटलं, कारण पक्की मुळी वजनाला भरते. नियम पत्र्याच्या पाटीवर लिहून डोंगराच्या वाटेवर लावायचं ठरलं. मजकूर अर्थातच मी दिला. 'पाने पिवळी पडल्याशिवाय मुळी काढू नये.' खाली गावाची कमिटी आणि आमचं कॉलेज. दसरा मी मुद्दाम गाळला. सण म्हणजे विज्ञान नव्हे. दाणा गाळला, कारण ओळ लांबत होती आणि पान पिवळं झालं की दाणा काळा होतोच, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

पाटी लावली त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, मी भाषण केलं. भाषण संपल्यावर ती गर्दीतून म्हणाली, "बाई, दाण्याचं बी लिवा की. पिवळं दोन परीचं असतंय."

"अगं, पाटी आहे ती, पोथी नाही," मी म्हटलं. "एवढं सगळं लिहायचं तर डोंगरापेक्षा पाटी मोठी होईल."

सगळे हसले. टेम्पोवाला तर पोट धरून हसला. तीही हसली, पदर तोंडाला लावून. मला फार बरं वाटलं. वर्गातही मी असंच करायची. एखादीनं अडचणीचा प्रश्न विचारला की आधी हशा पिकवायचा, मग उत्तर द्यायची गरज राहत नाही.

पुढची दोन वर्षं पाऊस बरा झाला आणि पाटी चालली. कुणीही हिरव्या पानाला हात लावला नाही. रोपं वाढली, हे मी स्वतः चौकटी आखून मोजलं. त्याचे फोटो काढले, पडद्यावर दाखवायचा एक कार्यक्रम तयार केला आणि 'लोकांनी राखलेली मुसळी' म्हणून तो गावोगाव दाखवत फिरले. मला शाली मिळाल्या. एक-दोन ठिकाणी तर मीच मुसळी शोधून काढल्यासारखा परिचय करून दिला गेला आणि मी तो दुरुस्त केला नाही. पाटीचा फोटो पहिला असायचा. दाण्याचं सांगणारी ती मात्र त्यात नव्हती.

तिसऱ्या वर्षी पाऊस मृगात धो धो पडला, डोंगर हिरवागार झाला आणि आषाढ संपता संपता पाऊस गेला तो गेलाच. श्रावणात चैत्रासारखं ऊन पडलं. असं आधीही झालं होतं, पण चार-आठ दिवसांचं. या वेळी महिना होत आला तरी थेंब नाही. कापूस माना टाकून उभा होता. शहरात टँकरच्या रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. कॉलेजात मात्र बोअर होती आणि तिला पाणी होतं. आमच्या विभागामागच्या बागेत तेव्हाही रोज पाइप चालायचा.

पोळ्याच्या आधी तीन-चार दिवस राहिले असतील. सकाळी दहाचा सुमार. अकरा वाजता पाहुणे यायचे होते. बाहेरगावची, मोठी माणसं. माझा मुसळीचा कार्यक्रम बघून पुढे आणखी डोंगरांवर तोच नियम राबवायचा की नाही हे ती ठरवणार होती. मी पडदा, वायरी, चहाचे कप, सगळ्यांवर खेकसत होते. तेवढ्यात वाडीवरची ती विभागाच्या दारात येऊन उभी राहिली. पहाटेच्या एसटीनं आली असणार. पायांवर धूळ, डोळे लाल, एक हात पदराखाली.

"आता तू काय काढलंस?" मी विचारलं. "ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. पटकन बोल, माझे पाहुणे येतायत."

"बाई, डोंगर पिवळा पडला औंदा."

"मग? बरंय की."

"नाय, बाई. पिकून पिवळा नाय. तहानंनं पिवळा हाय. दाणा हिरवाच हाय, पोचट. मुसळी निजली. निजू दिली तर फुडच्या पावसाला उठंल. आता उकरली तर उठायची नाय. आन् लोकं कुदळी घासू राह्यले."

"त्यांना सांग ना मग."

"सांगितलं. म्हनत्यात, बाईच्या पाटीवर पिवळं लिवलंय, पिवळं झालं. टेम्पोवाला बी तेच म्हनतो. कापूस गेला, मानसं तरी काय करतील. तुम्ही एक चिठ्ठी द्या. दसऱ्यापस्तोर हात लावू नका, येवढंच लिवा. तुमच्या अक्षराला मानत्यात."

तिचं बरोबर होतं. हे मला तिथंच, त्या दारात, एका क्षणात कळलं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला पिकलेलं पान आणि वाळलेलं पान यातला फरक कळत नाही असं थोडंच असतं. पण चिठ्ठी द्यायची म्हणजे पाटी चुकली हे लिहून द्यायचं. आणि तासाभरात मी त्याच पाटीचा फोटो पडद्यावर दाखवणार होते.

"काय लिहू चिठ्ठीत?" मी म्हटलं. "पिवळं म्हणजे पिवळं नव्हे, असं लिहू? हसतील मला."

"हसू द्या की," ती म्हणाली. "मला हसले व्हते, तवा म्या मेले का?"

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला तो हशा आठवत होता, याचाच मला संताप आला. मी म्हटलं, "नियम रोज रोज बदलत नसतात. आज तुझ्यासाठी बदलला तर उद्या आणखी कुणी येईल. जा आता."

ती गेली नाही. उंबऱ्याच्या बाहेर झाली आणि तिथंच उभी राहिली. एक अक्षर बोलली नाही. पदराखालचा हात तसाच होता आणि कमरेपाशी लुगडं ओलं झालेलं होतं. तिथून पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते.

खोटं कशाला बोलू. ती कशासाठी उभी आहे हे मला ठाऊक होतं. वडिलांनी मारलेली थप्पड मला स्पष्ट आठवली. दोनच शब्द म्हणायचे होते. मला वाटलं, रानभाजी असेल, मध असेल, मला गोड करायला काहीतरी आणलं असेल, आणि एकदा विचारलं की घ्यावं लागेल आणि घेतलं की चिठ्ठी द्यावी लागेल. म्हणून मी विचारलं नाही. मी तिला मुद्दाम उभी ठेवली. घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "अगं, तुझं लुगडं गळतंय. फरशी ओली होतेय. पाहुणे घसरून पडतील ना."

शिपायानं फडकं आणलं. तिनं पायाशी बघितलं, पाय मागे घेतला, "व्हय बाई," म्हणाली आणि निघून गेली. पाहुण्यांना माझा कार्यक्रम फार आवडला. नियमातला सोपेपणा विशेष आवडला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाडीनं डोंगर खणला. मला हे नंतर कळलं. बाया-माणसं, म्हातारेकोतारे, सगळे. नियम कुणीही मोडला नाही, हे लक्षात घ्या. ती आपल्या उतारावर विळा घेऊन एक दिवस उभी राहिली. लोक तिला वळसा घालून बाजूचं खणत राहिले. दुसऱ्या दिवशी तिच्या चुलत दिरानं तिला हाताला धरून बाजूला केलं. "तुझ्या बाईनंच लिवलंय," म्हणाला आणि तिचाही उतार खणला.

दसऱ्यानंतर मी चौकटी मोजायला गेले. मोजण्यासारखं काही नव्हतं, खड्डे होते. मुळ्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या निघाल्या होत्या, आतून पोकळ. टेम्पोवाल्यानं त्या बघितल्या आणि टेम्पो रिकामाच परत नेला. मग लोकांनी त्या वाटेच्या कडेला ओतून दिल्या. तो ढीग मी बघितला. पाटीच्या खालीच होता. मी पाटीचा फोटो काढला तेव्हा ढीग चौकटीत येऊ नये म्हणून दोन पावलं डावीकडे सरकले. ती दिसली नाही आणि मी तिच्या घरी गेले नाही.

पुढच्या पावसाळ्यात काही उगवलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी अवेळी पाऊस आला, इतका की घळीतली मातीच वाहून गेली. मी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं की पावसाच्या बदललेल्या वेळापत्रकामुळे या भागातली पांढरी मुसळी संपुष्टात आली आहे. वाक्य खरं होतं. खरं असल्यामुळे त्याच्यामागे लपायला फार सोयीचं होतं. आजही सभेत कुणी विचारलं की मी हवामानबदलावर अर्धा तास बोलू शकते, आकाशाकडे बोट दाखवून. आकाशाकडे बोट दाखवलं की आपल्याकडे कुणी बघत नाही.

एकदा, त्यानंतर दोनेक वर्षांनी, माझ्या घराच्या गच्चीवर मी कपडे वाळत घालत होते. शेजारच्या प्लॉटवर स्लॅबचं काम चाललं होतं. घमेली वाहणाऱ्या बायकांमध्ये ती होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. तिनं वर बघितलं असतं तर मी दिसले असते. मी वाकले आणि ओली चादर मध्ये धरली. काम संपेपर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, मी गच्चीवर गेले नाही. कपडे घरात वाळवले आणि कुबट वास येतो म्हणून कामवालीवर ओरडले.

निवृत्त झाल्यावर वेळ खायला उठतो. मी गच्चीवर पिशव्यांमधून झाडं लावली आणि एका रोपवाटिकेतून मुसळीचे गड्डे मागवले. लागवडीची मुसळी ती, डोंगरातली नव्हे, पण मुसळीच. टँकरचं पाणी, वर हिरवी जाळी. तीन वर्षांत चांगले डोळे असलेले बरेच गड्डे तयार झाले. गेल्या ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आला असताना, मी त्यातले चाळीसेक निवडले, ओल्या गोणपाटात गुंडाळले, पिशवीत घातले आणि अजिंठ्याची गाडी पकडली. काय बोलायचं ते सिल्लोडपर्यंत पाठ केलं. माफी हा शब्द त्यात होता.

वाडीत सिमेंटचा रस्ता झालाय. ती दारात धान्य निवडत बसली होती, केस पांढरे, पाठ वाकलेली. मला बघून उठली. "बाई! या की," म्हणाली. आपल्या सुनेला हाक मारून चहा टाकायला लावला. मी ओसरीत बसले, पिशवी पायाशी ठेवली. "तुम्ही बऱ्या आहात ना?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला अहोजाहो केलं आणि ते मलाच खोटं वाटलं.

अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी होती. तिची एक बाजू पत्र्याची होती. पत्र्यावर रंग उडालेली अक्षरं होती, 'काढू नये' एवढंच वाचता येत होतं.

सून चहा घेऊन आली. तिनं माझी नजर कुठे आहे ते बघितलं. "ती तुमचीच पाटी," ती हसून म्हणाली. "वाऱ्यानं पडली व्हती, मग आनली. आत्याबाईनं तिथंच तुमचे गड्डे लावले व्हते की."

"माझे?"

"तुमच्यासाठी न्हेलेले. त्या साली, पोळ्याच्या टायमाला. उताराच्या मधोमधचे अकरा गड्डे व्हते, त्यांच्या सासूच्या सासूच्या येळचे म्हनं. वल्या फडक्यात बांधून तुमच्या कालिजात न्हेले व्हते. तिथं बोअर हाय, बाई जगवतील, म्हनल्या. मग परत आनले. हितं कुठलं पानी? न्हाणीचंच. सात गड्ड्यांना पानं फुटली व्हती. साबनाच्या पान्यानं कुजले."

"गप ना," ती सुनेला म्हणाली, रागावून नव्हे. सुपात हात फिरवत राहिली.

मला काही बोलायचं होतं, पाठ केलेलं. तोंडातून निघालं ते असं: "मग द्यायचे ना मला! बोलायचं ना!" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एवढं झाल्यावरही मी तिच्यावरच खेकसले.

तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

मग आम्ही बोलत बसलो. म्हणजे ती बोलत होती. नातीचं लग्न, गुडघे, यंदा पाऊस कसा होईल, डोंगरात आता रानडुकरं फार झाली. माझे वडील किती चांगले होते. तिनं मला सगळं विचारलं. मुलगा कुठे असतो, पेन्शन बसली का, डोळ्यांचं ऑपरेशन झालं का. पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये होती. गोणपाट आतून ओलं होतं, मातीचा वास येत होता. आयुष्यभर जिनं मातीत हात घातले तिला तो वास कळला नसेल असं मी म्हणणार नाही.

मी थांबले. चहा संपला, पाणी झालं, पुन्हा अर्धा कप चहा झाला. पिशवी तशीच ठेवून उठून जाणं काही अवघड नव्हतं. सुनेच्या हातात देता आली असती. पण न मागता दिलेल्या मुळीचा गुण जातो, हे मला वडिलांनी शिकवलं होतं, ते स्वतः तिच्या सासूला उंबऱ्यात विचारायचे, आणि हे मी विसरले असं नाटक एकदा करून झालं होतं. दुसऱ्यांदा जमेना. मी लहान मुलीसारखी बसून राहिले की आता विचारेल, मग विचारेल.

गाडीला अजून अर्धा तास होता. ती सूप बाजूला ठेवून जरा पुढे वाकली, माझ्या पायाशी बघितलं.

"बाई, तुमची पिसवी गळू राह्यली," ती म्हणाली. "उचला. सारवन कालच केलंय."

मी पिशवी उचलली आणि निघाले.